एवढं एक बटण द्या ना!

२०२० साली माणसाच्या काही जनुकांची नावं बदलण्यात आली. जनुकं तीच होती, त्यांचं शरीरातलं कामही तेच होतं. नाव बदलायला कारण घडलं ते हिशेब ठेवायचं एक सॉफ्टवेअर. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा संक्षिप्त नावांची जनुकं संशोधक मायक्रोसॉफ्ट एक्सेलच्या चौकटीत टाइप करत आणि एक्सेल मोठ्या तत्परतेनं त्यांच्या तारखा करून टाकी: १ मार्च, १ सप्टेंबर. हजारो नावांच्या यादीत असे दोन-चार बदल कुणाच्या लक्षात येत नाहीत. यादी शोधनिबंधाला जोडली जाते, दुसरा कुणी ती उचलून पुढच्या कामाला वापरतो, आणि चूक बिनबोभाट पुढे जात राहते. या घोटाळ्यावरचा शोधनिबंध २००४ मध्येच प्रसिद्ध झाला होता. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेले निबंध तपासले, तेव्हा साधारण पाचांतल्या एका निबंधात ही चूक सापडली. शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं सॉफ्टवेअर सुधारण्याची वाट पाहणं सोडलं आणि नावंच बदलली. ‘मार्च१’चं ‘मार्चएफ१’ झालं, ‘सेप्ट१’चं ‘सेप्टिन१’. वर्षभराच्या आसपास अशा २७ जनुकांना नवी नावं मिळाली.

मायक्रोसॉफ्टनं हे आपोआप होणारं रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आणली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. पहिल्या निबंधानंतर एकोणीस वर्षांनी.

हे वाचून कुणाच्याही मनात पहिला विचार येतो तो कंपनीच्या ढिलाईचा. एवढी मोठी कंपनी, एवढे इंजिनीअर, आणि एक चौकट गप्प बसवायला एकोणीस वर्षं? ढिलाई असेलही. पण एक्सेलसमोर बसणाऱ्यांत जनुकशास्त्रज्ञ मूठभर आणि हिशेबनीस अगणित. दिवसभर बिलांच्या तारखा भरणाऱ्या माणसाला ‘१ मार्च’ टाइप केल्यावर पक्की तारीख मिळते, ही त्याच्या लेखी उपकाराची गोष्ट असते. शास्त्रज्ञांसाठी ती सरसकट काढली असती, तर दुसऱ्या दिवशी तक्रारींचा पाऊस हिशेबनिसांकडून पडला असता. एकाची मागणी पुरी करताना दुसऱ्याची सवय मोडते, आणि ज्याची ती मोडते तो माणूस मागणी करणाऱ्याला कधी दिसत नाही. तो फक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला दिसतो, तोही नंतर.

सॉफ्टवेअर वापरणारे काय मागतात, बनवणाऱ्यांना त्यातलं काय ऐकू येतं आणि या दोहोंमध्ये काय काय घडतं, हा पुढच्या पानांचा विषय आहे. विषय तांत्रिक वाटतो, पण त्यातला बराचसा भाग माणसांच्या स्वभावाचा आहे. बँकेच्या ॲपपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत आज ज्याचं त्याचं काम कुणीतरी लिहिलेल्या प्रोग्रामवर अडतं किंवा सुटतं, आणि ‘एवढं एक बटण दिलं असतं तर काय बिघडलं असतं’ हे वाक्य प्रत्येकानं कधी ना कधी उच्चारलेलं असतं. काय बिघडतं, ते इथं पाहायचं आहे.

अनुभवी डेव्हलपर ग्राहकाची मागणी साक्षीदाराच्या जबानीसारखी घेतो. साक्षीदारानं जे पाहिलं, सोसलं ते खरं. त्यावरून त्यानं काढलेला निष्कर्ष मात्र तपासून घ्यायचा. जीमेलचं ‘अनडू सेंड’ हे याचं नमुनेदार उदाहरण. रागाच्या भरात किंवा चुकीच्या माणसाला मेल गेली की प्रत्येकाला वाटतं, ती परत बोलावता आली पाहिजे. तसं सांगणं सोपं, करणं जवळपास अशक्य. कारण मेल एकदा दुसऱ्याच्या सर्व्हरवर पोचली की तिच्यावर पाठवणाऱ्याचा ताबा उरत नाही. गूगलच्या लोकांनी मागणी बाजूला ठेवून दुखणं पाहिलं. चूक झाल्याचं माणसाच्या ध्यानात बहुतेक वेळा बटण दाबल्यावर पुढच्या दोन-तीन सेकंदांतच येतं. मग मेल लगेच पाठवायचीच नाही. काही सेकंद रोखून धरायची आणि तेवढ्यापुरतं ‘रद्द करा’ दाखवायचं. मार्च २००९ मध्ये ही सोय जीमेलच्या प्रयोगशाळेत आली, तेव्हा मुदत होती पाच सेकंदांची. जून २०१५ मध्ये ती सर्वांसाठी अधिकृत झाली, आणि आता ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. मेल परत बोलावता येत नाही ती नाहीच. वापरणाऱ्याला मात्र आपली मागणी पुरी झाली असं वाटतं, आणि त्यात कुणाची फसवणूकही नाही.

(त्याच प्रयोगशाळेत २००८ मध्ये ‘मेल गॉगल्स’ नावाचा प्रकार होता. आठवड्याच्या शेवटी रात्री उशिरा मेल पाठवायची तर आधी गणितं सोडवावी लागत. ही मागणी कुणी केली असेल असं वाटत नाही. गरज बऱ्याच जणांना असावी.)

मागणीमागचं दुखणं शोधताना कधी कधी असंही निघतं की मागितलेली वस्तू घरातच पडून आहे. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे शंभर आज्ञा होत्या. २००३ च्या आवृत्तीपर्यंत त्या दीड हजारांवर गेल्या. प्रत्येक नव्या आवृत्तीत ग्राहकांनी मागितलेलं काहीतरी घातलं जाई, आणि ते मेनूच्या मेनूच्या मेनूत कुठंतरी जाऊन बसे. ‘तुम्हाला आणखी काय हवं?’ असं विचारलं की लोक ज्या सोयी सांगत, त्यांतल्या बहुतेक वर्डमध्ये आधीपासून असत. नवी सोय देऊन हा प्रश्न सुटणारा नव्हता; उलट वाढणारा होता. तेव्हा ऑफिसच्या चमूनं लोक प्रत्यक्षात काय दाबतात याची आकडेवारी, वापरणाऱ्यांच्या संमतीनं, गोळा केली. वर्डमध्ये सगळ्यात जास्त वापरली जाणारी आज्ञा निघाली ‘पेस्ट’. एकूण वापरापैकी अकरा टक्क्यांहून जास्त तिचाच. पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाच आज्ञांत सुमारे एक तृतीयांश वापर संपत होता. या अभ्यासातून ऑफिस २००७ ची ‘रिबन’ आली, म्हणजे वरची ती रुंद पट्टी. मेनूला सरावलेल्यांनी तिला शिव्या घातल्या. आज तिच्याशिवायचं वर्ड कसं दिसायचं, हे आठवणारेही थोडेच उरले आहेत.

आकडेवारीविषयी इथंच एक सावधगिरीची सूचना. ‘सॉफ्टवेअरमधल्या ४५ टक्के सोयी कधीच वापरल्या जात नाहीत’ असं एक वाक्य या धंद्यातल्या सादरीकरणांत हमखास भेटतं. त्याचा उगम २००२ च्या एका परिषदेतल्या भाषणात आहे आणि ते आकडे अवघ्या चार ॲप्लिकेशनांच्या पाहणीतून आले होते. अंदाज म्हणून ठीक. वेद म्हणून नव्हे.

जुन्या ग्राहकाची सवय किती लवकर दगडावरची रेघ होते, याची गोष्ट प्रोग्रामर मंडळी पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहेत. सत्तरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचं साधन लिहिलं. मोठा प्रोग्राम बांधताना कोणता तुकडा कशानंतर जोडायचा, याचं टाचण त्यात लिहून ठेवायचं. या टाचणात आज्ञेच्या ओळीची सुरुवात ‘टॅब’नंच झाली पाहिजे, स्पेस चालणार नाहीत, असा नियम होता. दोन्ही पडद्यावर सारख्याच दिसतात, त्यामुळे नवशिका तासन् तास डोकं धरून बसतो. आपला नियम त्रासदायक आहे हे फेल्डमन यांच्याही लवकरच लक्षात आलं. पण तोवर ‘मेक’ वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून त्यांनी नियम तसाच ठेवला. २००३ मध्ये फेल्डमन यांना ‘मेक’साठी एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेचा मोठा पुरस्कार मिळाला. टॅबचा नियम आजही आहे. डझनभर माणसांच्या सोयीची किंमत लाखो जणांनी, जवळपास पन्नास वर्षं मोजली.

फेल्डमन चुकले का? आज बसून हो म्हणणं सोपं आहे. पण चालू असलेलं मोडायचं नाही, ही वृत्ती या व्यवसायातली सगळ्यात सभ्य वृत्ती आहे, आणि तिच्यामुळेच आपल्या फोनमधल्या कित्येक गोष्टी बिनतक्रार चालतात. ‘एसक्यूलाइट’ हे त्याचं उत्तम उदाहरण. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये सुरू केलेला हा छोटा डेटाबेस प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये असतो. त्याचं नावही न ऐकलेला माणूस तो दिवसभर वापरत असतो. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, पण बाहेरच्या कुणाचाही बदल सहसा स्वीकारला जात नाही, आणि हे त्याचे कर्ते उघडपणे सांगतात. एका जुन्या आवृत्तीत प्राथमिक किल्लीच्या रकान्यात रिकामी नोंद चालून जाण्याची चूक राहिली होती. ती कळली, मान्य झाली, कागदपत्रांत लिहिली गेली, आणि मुद्दाम तशीच ठेवली गेली. कारण तोवर तिच्यावर विसंबलेले प्रोग्राम जगभर पसरले होते. ‘राइट जॉइन’ ही डेटाबेसच्या पहिल्या-दुसऱ्या धड्यात शिकवली जाणारी सोय एसक्यूलाइटमध्ये आली ती जून २०२२ मध्ये. मागणाऱ्यांनी बावीस वर्षं वाट पाहिली. त्या बदल्यात, २०५० सालापर्यंत हे सॉफ्टवेअर सांभाळण्याचा आपला इरादा आहे असं ते लिहून देतात. बाजारातल्या किती कंपन्या पुढच्या दिवाळीविषयी एवढं ठामपणे बोलतील?

नकार देण्याचीही एक रीत असते. ‘विम’ या मजकूर-संपादकाचे कर्ते ब्राम मूलेनार यांनी ती बराच काळ सांभाळली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला विम फुकट. आवडला तर युगांडातल्या किबाले इथल्या गरजू मुलांसाठी मदत पाठवा, अशी त्याची अट. पैसे देणाऱ्या पुरस्कर्त्यांना पुढच्या आवृत्तीत कोणती सोय हवी यावर मत देता येई. मूलेनार यांनी सोबतच्या मदतपुस्तिकेत विम काय नाही, हेही लिहून ठेवलं होतं: हे शेल नाही, ही ऑपरेटिंग सिस्टिम नाही, त्याच्या आत टर्मिनल चालवता येणार नाही. नकार असा आधीच लिहून ठेवला की मागणाऱ्याचा वेळ वाचतो आणि अपमानही होत नाही.

पण लेखी नकारालाही वय असतं. पडद्यामागे दुसरं काम चालू ठेवण्याची सोय विममध्ये असावी, यासाठी आलेला बदल स्वीकारला गेला नाही, तेव्हा २०१४ मध्ये ब्राझीलमधल्या एका प्रोग्रामरनं विमचाच कोड घेऊन ‘निओविम’ ही वेगळी चूल मांडली. लोकांनी वर्गणी काढून त्याला पैसे दिले. २०१६ मध्ये विमच्या आठव्या आवृत्तीत पडद्यामागे काम करण्याची सोय आली. २०१८ मध्ये तर टर्मिनलही आलं, म्हणजे पुस्तिकेतलं ते वाक्य बदलावं लागलं. मूलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. दोन्ही संपादक आज चालू आहेत, आणि वेगळ्या चुलीचा धाक नसता तर जुन्या घरातला स्वयंपाक एवढा बदलला असता का, हा वाद त्यांच्या चाहत्यांत अजून रंगतो.

वापरणाऱ्यांनी मागण्याच्या फंदात न पडता स्वतःच सोय निर्माण केली, असंही घडतं. ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना या ट्विटरवापरकर्त्यानं सुचवलं की एका विषयावरचे संदेश ओळखू यावेत म्हणून विषयाच्या आधी # हे चिन्ह लावावं. कंपनीला ते काही फार पटलं नाही. हे संगणकवेड्यांचं काम, सामान्य माणूस असलं काही करणार नाही, असा तिचा सूर होता. दोन महिन्यांनी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या परिसरात वणवे पेटले, आणि लोक कोणता रस्ता बंद आहे, कुठं आसरा आहे, हे त्या चिन्हाखाली एकमेकांना कळवू लागले. जुलै २००९ मध्ये ट्विटरनं हॅशटॅगला क्लिक करण्याजोगा दुवा बनवलं. कंपनीनं दिलेलं काही नव्हतं. लोकांनी पायवाट पाडली, तिच्यावर नंतर डांबर पडलं. ‘रीट्वीट’चं बटणही असंच लोकांच्या प्रथेमागून आलं.

त्याच ट्विटरवर लोक वर्षानुवर्षं आणखी एक गोष्ट मागत होते: पाठवलेल्या ट्वीटमधली चूक दुरुस्त करण्याची सोय. तिला नकाराचं कारण साधं होतं. एखादं निरुपद्रवी वाक्य हजारो लोकांनी पुढे पाठवल्यावर मूळ लेखकानं तिथं वेगळंच काही लिहून ठेवलं, तर त्या हजारोंच्या नावावर ते चिकटणार. जानेवारी २०२० मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी ही सोय बहुधा कधीच येणार नाही असं सांगितलं. २०२२ च्या ऑक्टोबरात ती आली, पैसे भरणाऱ्यांसाठी, काही निवडक देशांत, तीस मिनिटांच्या मुदतीत आणि आधीची रूपं सर्वांना दिसतील अशा बेतानं. मागणी आणि भीती या दोघांनाही त्यात जागा होती. व्हॉट्सॲपनं मे २०२३ मध्ये संदेश दुरुस्त करू दिला, तोही पंधरा मिनिटांपुरताच.

व्हॉट्सॲपची सगळ्यात गंभीर गोष्ट मात्र वापरणाऱ्यांनी न मागितलेल्या बदलाची आहे, आणि ती महाराष्ट्रात घडली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, भटक्या डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा त्याआधी फोनाफोनांतून फिरत होती. त्या वर्षी देशात इतरत्रही असे बळी गेले. संदेश एका दाबात पुढे पाठवण्याची सोय व्हॉट्सॲपवरच्या सगळ्यांत लाडक्या सोयींपैकी होती. ती कमी करा असं एकाही सामान्य वापरकर्त्यानं मागितलं नसतं. त्याच जुलैत कंपनीनं पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि फोटो-व्हिडिओशेजारचं झटपट पाठवायचं बटण इथं काढून टाकलं. जानेवारी २०१९ मध्ये पाचाची मर्यादा जगभर लागू झाली. त्यामुळे संदेश पुढे पाठवण्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी घटलं, असं कंपनीनं सांगितलं. एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असंही ठरलं.

राईनपाड्याच्या मृतांनी कधी कुठला फॉर्म भरून सूचना पाठवली नव्हती. सॉफ्टवेअरचे परिणाम ज्यांना सगळ्यांत जास्त भोगावे लागतात, ते बऱ्याचदा त्याच्या वापरकर्त्यांच्या यादीतच नसतात. मागण्यांची मोजदाद कितीही काटेकोर ठेवली तरी त्यांचा आवाज तिच्यात येणार नाही. ही उणीव भरून काढायची जबाबदारी बनवणाऱ्याचीच आहे, आणि ती निभावायला इथं फार उशीर झाला, असंच म्हणावं लागतं.

मोजदादीच्याही आपल्या गमती आहेत. गिटहबवर खुल्या सॉफ्टवेअरची नोंदवही असते. तिथं एखादी मागणी आवडली की लोक खाली ‘+१’ असं लिहून जात. शंभर जणांनी लिहिलं की सांभाळणाऱ्याला शंभर ईमेल. जानेवारी २०१६ मध्ये अशा सांभाळणाऱ्यांनी मिळून गिटहबला उघडं पत्र लिहिलं: आम्हाला मतं मोजण्याची शिस्तशीर सोय द्या, आणि तक्रार लिहिणाऱ्याला नमुना द्या म्हणजे तो निदान आवृत्ती तरी सांगेल. दोन-तीन महिन्यांत दोन्ही मिळालं. मागण्या हाताळणाऱ्यांची ही मागणी इतक्या लवकर पुरी झाली, कारण तिच्यात दुखणं काय ते नेमकं लिहिलं होतं.

मतं मोजून निर्णय घ्यावा, तर तेही भरवशाचं नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये पूर्वी प्रयोगांचं काम पाहणारे रॉनी कोहावी यांनी नोंदवलं आहे की चांगल्या वाटलेल्या कल्पना प्रत्यक्ष वापरात तपासल्या, तर साधारण एक तृतीयांशच उपयोगी ठरतात. एक तृतीयांशानं काही फरक पडत नाही आणि उरलेल्या नुकसान करतात. उलट बाजूही आहे. ‘बिंग’मध्ये जाहिरातीचं शीर्षक थोडं लांब करण्याची एका कर्मचाऱ्याची सूचना सहा महिन्यांहून जास्त काळ यादीत तळाला पडून होती. २०१२ मध्ये कुणीतरी ती सहज करून पाहिली. उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं. एकट्या अमेरिकेत वर्षाला दहा कोटी डॉलरच्या वर. यादीतलं कोणतं कलम मोठं, हे यादी लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पुण्यात हिंजवडीत किंवा खराडीत काम करणाऱ्याला या सगळ्यातलं निम्मंच ओळखीचं वाटेल. सेवा पुरवणाऱ्या कंपनीत मागणी येते ती क्लायंटकडून, तिचं नाव ‘सीआर’ म्हणजे ‘चेंज रिक्वेस्ट’, तिला अंदाजपत्रक लागतं आणि सही लागते. पैसे देणारा अधिकारी ते सॉफ्टवेअर स्वतः वापरत नसतो, आणि काउंटरवर बसून वापरणाऱ्या कारकुनाला कुणी विचारलेलं नसतं. यूएटीच्या, म्हणजे वापरणाऱ्यांनी तपासून पाहण्याच्या, दिवशी तो पहिल्यांदा स्क्रीन पाहतो आणि पहिल्या पाच मिनिटांत असं काही सांगतो, की सहा महिन्यांपूर्वी कळलं असतं तर सोनं झालं असतं. त्यावर उत्तर मिळतं, ‘स्कोपमध्ये नाही’. करार म्हणून ते बरोबर असतं.

अपेक्षांचं ओझं शेवटी कुणाच्या तरी खांद्यावर असतं, आणि कधी कधी तो खांदा एकाच माणसाचा असतो. ‘एक्सझेड’ हे फाइली दाबून लहान करणारं साधन जवळपास प्रत्येक लिनक्स संगणकात असतं. ते फिनलंडमधले लासे कोलिन वर्षानुवर्षं फुकट, फावल्या वेळात सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे टुमणं लावलं: बदल इतके हळू का येतात, वापरणाऱ्यांनी किती थांबायचं, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. हा बिनपगारी छंद आहे, हे कोलिन यांनी सांगून पाहिलं. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ नावाचा एक कष्टाळू मदतनीस हाताशी होता. हळूहळू त्याला अधिकार मिळाले. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या दोन आवृत्त्यांत त्यानं चोरदरवाजा पेरला, ज्यातून जगातल्या असंख्य सर्व्हरांत शिरता आलं असतं. मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या संगणकावर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्यांनी ते सोडून दिलं नाही, आणि २९ मार्चला सगळं उघडकीस आलं. टुमणं लावणारी ती नावं त्याच कटातली असावीत, असं जाणकार मानतात. ‘अजून का नाही झालं?’ हा ग्राहकाचा नेहमीचा प्रश्न इथं हत्यार म्हणून वापरला गेला. तो खपून गेला, कारण खुल्या सॉफ्टवेअरच्या जगात तसं बोलणं रोजचंच आहे. फुकट मिळालेल्या वस्तूविषयी आपण किती हक्कानं ओरडतो, याचा विचार या प्रकरणानंतर तरी व्हायला हवा होता. फारसा झालेला दिसत नाही.

अर्थात सगळ्याच मागण्यांना वीस वर्षं लागत नाहीत आणि सगळ्यांतून अनर्थही होत नाही. नीट मांडलेली मागणी पुरी झाल्याचं एक उदाहरण वाचक याच पानांवर पाहतो आहे. ‘ॲप’ या शब्दातलं पहिलं अक्षर मराठी छापखान्यात होतं, पण संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात त्याला स्वतःची जागा नव्हती. ‘अ’वर चंद्र जोडून वेळ भागवली जाई. एप्रिल २००८ मध्ये आलेल्या युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळाला. युनिकोडकडे अक्षर मागायचं तर नुसती हौस चालत नाही. ते कुठं, कशात छापलं जातं याचे नमुने प्रस्तावासोबत द्यावे लागतात. तरी जुन्या पद्धतीनं लिहिलेला ‘ॲ’ अजून जागोजागी आहे, आणि साध्या शोधात संगणक दोन्ही वेगळे धरतो. मिळालेल्या सोयीचीही शेपूट राहतेच.

‘ल’ आणि ‘श’ यांचं काम अजून अर्धवट आहे. मराठी वळणाची ही अक्षरं कशी असावीत, ते राज्य शासनानं नोव्हेंबर २००९ मध्ये ठरवून दिलं. एकाच फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं ठेवण्याची तांत्रिक सोयही आहे. पण मजकूर मराठी आहे अशी नोंद ॲपनं केली नाही, तर मराठी वळण उमटत नाही. म्हणजे चूक कधी फॉन्टची असते, कधी फोनची, कधी ॲपची. आणि ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढंच लिहिलेली तक्रार त्या तिघांपैकी कुणाच्याच कामाची नसते. ‘पुटी’ या साधनाचे कर्ते सायमन टॅथम यांनी तक्रार कशी लिहावी यावर १९९९ मध्ये एक निबंध लिहिला. आपण काय केलं, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, हे निदान न करता जसंच्या तसं सांगावं, असा त्याचा गाभा.

तेव्हा पुढची पानं वाचण्याआधी वाचकानं हातातला फोन एकदा नीट पाहावा. त्यावर ‘ल’ परका दिसला, पत्त्यातला ‘ळ’ टाइप होईना, बँकेच्या ॲपनं मराठी निवडूनही अर्धं पान इंग्रजीत दाखवलं, तर ती कुरकुर घरच्या ग्रुपवर टाकून थांबू नये. फोन कोणता, ॲप कोणतं, आवृत्ती कोणती, काय केलं, काय हवं होतं, काय झालं, एवढं लिहून सोबत स्क्रीनशॉट जोडावा आणि ते ॲप बनवणाऱ्याकडे पाठवावं. उत्तर आलं नाही तर महिन्यानं पुन्हा पाठवावं, सभ्य शब्दांत.